चकाकती कडी

"मामा, थापा मारू नको. उद्या सकाळपर्यंत होईल का नाही, तेवढंच सांग."

केतकी, माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक लेक, दुकानाच्या पायरीशी सायकल धरून उभी होती. पुढच्या ब्रेकची नळी हँडलपाशी चेचली होती आणि तिच्यातनं तेल ठिबकत होतं. बसच्या टपावरून आणताना कुणाच्या तरी लोखंडी पेटीखाली सापडली म्हणे. शुक्रवारची दुपार होती. रविवारी गगनबावड्याच्या घाटात उतरणीची शर्यत होती आणि शनिवारी सगळी पोरं सरावाला जाणार होती.

"होईल की. न व्हायला काय झालं?" मी म्हणालो.

माझी ही खोड जुनीच. वस्तू हातात घ्यायच्या आधी होकार देऊन मोकळा व्हायचं आणि मग रात्रभर डोकं खाजवत बसायचं. ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कोल्हापुरात तेलाच्या ब्रेकच्या सायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मी तारेच्या ब्रेकवर वाढलेला मिस्त्री. तेलाच्या ब्रेकमध्ये मुठीची दांडी दाबली की नळीतलं तेल पुढं सरकतं आणि चाकाची चकती दोन्ही बाजूंनी आवळली जाते. सगळा खेळ नळीच्या तोंडाशी. तिथं एक पितळेची कडी असते, मसुराच्या दाण्याएवढी. वरून नट आवळला की ती दबते आणि नळीला दात रोवल्यासारखी धरून ठेवते. एकदा दबलेली कडी परत धरत नाही. नवी पाहिजे. आणि नवी पुण्याहून येणार होती, सोमवारी.

केतकीच्या मागोमाग आक्का आलीच. पदरानं घाम टिपत तिनं सायकलीकडं बघितलं.

"मोडलाय न्हवं ब्रेक? मग झालं तर. देवानंच खूण दिली म्हणायची. घाट-बीट काय नको."

"आई, अगं नळी फक्त चेचलीय!"

"तू गप बस. महादू, तू सांग हिला."

भावोजी गेले तेव्हा केतकी नऊ वर्षांची होती. आक्कानं शिवणकाम करून तिला वाढवली. तिला पोरीचं सायकल चालवणं कधीच पसंत नव्हतं. पण पोरीचं तोंड बघून ती गप्प बसायची. मी मोठ्या मनाचा मामा म्हणून छाती पुढं काढली.

"आक्का, ब्रेक मी बसवणार. माझ्या हातचा ब्रेक आजवर सुटलाय का कधी?"

"तुझ्या हाताचं ठाऊक हाय रं. पण तू सवता शाळेच्या उतारावरनं सायकल हातात धरून चालत उतरायचास, ते बी ठाऊक हाय मला."

केतकी फिदीफिदी हसली. खोटं नव्हतं ते. सहावीत त्या उतारावर पडून माझा हात मोडला होता, तेव्हापासून उताराची मला जी धास्ती बसली ती बसली. सायकली दुरुस्त करून पोट भरणारा मी, आणि उतार आला की खाली उतरणारा.

"ते वेगळं, हे वेगळं," मी म्हणालो. "ब्रेकची जबाबदारी माझी."

आक्का जाताना पायरीवर थांबली. "एकच पोरगी हाय माझी. तुझ्या शब्दावर सोडतो बघ." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो, सोडतो.

शनिवारी सकाळी सातला मी उद्यमनगरात दस्तगीरचाचाच्या लेथपुढं उभा होतो. चाचा माझ्या वडिलांच्या वेळचे टर्नर. कोल्हापुरात मिळत नाही अशी वस्तू लेथवर करून घ्यायची हा आमचा शिरस्ता, आणि चाचा नाही म्हणत नसत. त्यांनी जुनी दबलेली कडी भिंगाखाली धरली, कॅलिपर लावला, आणि पाऊण तासात माझ्या तळहातावर दोन कड्या ठेवल्या. एक चकाकती, एक काळीकुट्ट.

"ही चकाकती माप बघायला केलती," ते म्हणाले. "कडक हाय, नळीला धरायची न्हाई. ही काळी लाल हुईस्तोवर तापवून पाण्यात सोडलीया. मऊ झालीया. हीच बसव. ध्यानात ठेव, काळी."

"काळी," मी म्हणालो.

दुकानात येऊन मी नळीचा चेचलेला तुकडा कापला. दोन्ही कड्या रॉकेलच्या झाकणात टाकल्या, मग बारीक पॉलिश पेपरनं घासल्या. का घासल्या? कारण आमच्या दुकानातनं काळी वस्तू बाहेर जात नाही. वडिलांची शिस्त ती. जुना नट असो, पेडल असो, घासून लखलखीत केल्याशिवाय गाडीला लावायचा नाही. माझे हात ते आपोआपच करतात, मला विचारत नाहीत. घासता घासता एक गिऱ्हाईक आलं, ट्यूब घेऊन गेलं. मग मी झाकणातली कडी उचलली, नळीवर चढवली, नट आवळला, सिरिंजनं तेल भरून हवा काढली. दांडी दाबली. दगडासारखी घट्ट.

नऊ वाजता ओंकारची जीप दारात आली. ओंकार म्हणजे केतकीच्या ग्रुपचा म्होरक्या. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. केतकीनं ब्रेक दाबून बघितला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

"मानलं मामा तुला! जातो मी."

"सावकाश गं," मी म्हणालो.

अकराला दस्तगीरचाचा चहाला आले. दर शनिवारी येतात. स्टुलावर बसले, बशीत चहा ओतला आणि कट्ट्यावरच्या झाकणात बोट घातलं. राहिलेली कडी त्यांनी उचलली, डोळ्यापाशी नेली, मग माझी पक्कड घेऊन तिला नुसतं चिमटलं. कडी लोण्यासारखी चपटी झाली.

चाचांनी बशी खाली ठेवली.

"महादेव, मऊ तर हितंच हाय."

"आं?"

"मऊ कडी हितं हाय. मग गाडीला कुठली गेली?"

मी कट्टा धरला. झाकणाकडं बघत राहिलो, जणू तिथं अजून एखादी कडी सापडणार होती.

"पण दाबून बघितला चाचा. घट्ट लागला ब्रेक."

"दुकानात लागंल. घाटात धा-वीस बार जोरात दाबला की नळी मागं सरकत जाती. जरा जरा. आणि एकदा निसटली का तेल भाईर, दांडी हाताला मोकळी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कवा गेली पोरगी?"

मी केतकीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. ओंकारला लावला. तेच. चाचा उठून लेथवर गेले आणि मी येड्यासारखा दुकानात फेऱ्या मारत राहिलो. वीस मिनिटांत ते नवी कडी तापवून घेऊन आले. काळीच. मी ती रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली, पिशवीत तेल, सिरिंज, पाने टाकले आणि मोटरसायकलला किक मारली.

"दुकान उघडं हाय रं!" चाचा ओरडले.

"असू दे!"

जानेवारीचे दिवस. कळ्यापासनं पुढं सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला. एकामागं एक दोन ट्रॉल्या, वरचा ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय, आणि ड्रायव्हर गाणी लावून निवांत. मी हॉर्न वाजवून वाजवून थकलो, शिव्या घातल्या, शेवटी मातीत गाडी घालून पुढं काढली. साळवण गेलं, असळज गेलं. डोक्यात एकच चाललेलं. आक्काला काय सांगू? पायरीवर थांबून ती म्हणाली होती, तुझ्या शब्दावर सोडतो. देवा, एवढ्या बारीला सांभाळ. एवढ्याच बारीला.

घाटाच्या तोंडाशी ओंकारची जीप दिसली. तो बॉनेटवर बसून केळं खात होता.

"केतकी कुठाय?"

"आत्ता सुटली मामा, पाच मिनिटं झाली. सगळ्यांची सावकाश एक फेरी झाली, आता ती जोरात उतरणार म्हणाली. काय झालं?"

मी गाडी घाटात घातली.

ज्याला शाळेचा उतार उतरता आला नाही, त्याच्यापुढं तो घाट. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गुडघ्याएवढा कठडा, आणि त्याच्यापलीकडं काही नाही. खालचं कोकण धुक्यात. माझ्या हाताला घाम सुटला, मूठ सटकत होती. तिसऱ्या वळणावर खाली बघितलं तर दोन वळणं पुढं केतकीचं केशरी हेल्मेट दिसलं. पोरगी वाऱ्यासारखी चालली होती.

ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

हाक मारली तर ती काय करणार? दचकणार. आणि दचकल्यावर माणूस काय करतं? ब्रेक दाबतं, गच्चकन. हॉर्न वाजवला तरी तेच. माझ्या पिशवीत कडी होती, तेल होतं, आणि मला साधा हॉर्न वाजवायची सोय नव्हती. प्रत्येक वळणाआधी सायकलीचं मागचं अंग जरा उचलल्यासारखं व्हायचं. म्हणजे पुढचाच ब्रेक दाबतेय. मी मोजत होतो. सहा. सात. चाचा म्हणाले होते, धा-वीस बार. खालून एक ट्रक वर आला आणि त्यानं भोंगा वाजवला. तिनं जोरात दाबला. आठ. माझ्या तोंडून "आई गं" निघालं, पण सायकल थांबली नाही, आडवी झाली नाही, वळण घेऊन निघून गेली.

मग मी ते केलं जे जन्मात केलं नव्हतं. उतारावर मूठ पिळली.

दहाव्या वळणाच्या पुढं रस्ता जरा सरळ आहे. तिथं मी तिच्या बरोबरीला आलो. तिच्या उजव्या हातमोज्यावर तेलाचा ओला डाग पडला होता. पुढचा ब्रेक आमच्याकडं उजव्या हाताला. तिला पत्ताच नव्हता. मी शक्य तेवढ्या सावकाश बोललो, बाळाला झोपवताना बोलावं तसं.

"केतू, मी हाय. मामा."

"आं? मामा! तू हितं?"

"माझ्याकडं बघू नको. रस्त्याकडं बघ. उजवा हात उचल दांडीवरनं. नुसता उचल. शाब्बास. आता डाव्यानं, मागचाच दाब. हळू. हळू गं. थोडा सोड. परत दाब."

"काय झालंय?"

"थांबल्यावर सांगतो. बोलू नको."

मागचं चाक घसटत गेलं. पुढचं वळण समोरून येत होतं, कठडा, कठड्यापलीकडं धुकं. केतकीनं पाय खाली टाकला, बुटाचा तळवा रस्त्यावर करकरला आणि सायकल कठड्याच्या अलीकडं चार हातांवर थांबली.

मी मोटरसायकल तशीच आडवी सोडली आणि धावलो. नट तेलानं भिजला होता. मी नळीला दोन बोटांनी नुसतं धरलं, ओढलं पण नाही, आणि ती लोण्यातून केस निघावा तशी माझ्या हातात आली. तेलाची धार तिच्या बुटावर पडली.

केतकी नळीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं.

"हे कसं झालं?"

आता सांगतो, लपवत नाही. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. "जीपमध्ये चढवताना ओढ बसली असणार," मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की माझं मलाच खरं वाटलं.

"ओंकारनं बांधली होती," केतकी म्हणाली. तिचा आवाज चढला. "त्याला शंभरदा सांगितलं, नळीवरनं दोरी घेऊ नको म्हणून. थांब, बघतोच त्याला. ग्रुपमधनं काढूनच टाकतो."

ती मोबाईल काढायला लागली. रेंज नव्हती तरी ती हात उंच करून रेंज शोधत होती. मग तिची नजर कठड्यापलीकडं गेली आणि ती दोन पावलं मागं सरली. तेव्हा कुठं तिला कळलं होतं, आपण कुठल्या वळणावर थांबलोय ते.

"केतू, ठेव फोन. ओंकारनं काय नाही केलं. मी केलं."

मी सगळं सांगितलं. चाचांच्या दोन कड्या, काळी आणि चकाकती, माझं घासणं. ती कठड्याला टेकून ऐकत होती.

"दोन्ही सारख्या झाल्या, मग तू उचलली एक. तुला कळलंच नाही, असंच ना?"

इथं मी हो म्हणालो असतो तर विषय मिटला असता.

"कळलं होतं," मी म्हणालो. "झाकणाकडं बघितलं तेव्हाच मनात आलं, यातली कुठली? चाचांना फोन करायचा होता. एक मिनिटाचं काम. पण चाचा हसले असते. एवढा मिस्त्री झालास आणि काळी-पांढरी कळंना, म्हणाले असते. तू पण येणार होतीस. मग म्हटलं, उजवीकडची असंल. उचलली."

एक एसटी वर गेली, खिडकीतली माणसं आमच्याकडं बघत गेली.

"आईला काय सांगितलं असतंस?" तिनं विचारलं.

मी रडायला लागलो, भर रस्त्यात, पन्नाशीला टेकलेला माणूस. तिनं मला रडू दिलं. गप्प बस म्हणाली नाही, पाठीवर हात ठेवला नाही.

मग म्हणाली, "मऊ कडी आणलीयस?"

मी रुमालाची गाठ दाखवली.

"बसव. आणि घासू नको."

मी रस्त्याकडेला बसून नळीचं टोक पुन्हा कापलं, अर्धा इंच कापण्याइतकी ती शिल्लक होती. नटातली कडक कडी काढून पिशवीत टाकली आणि काळी चढवली. नट दोनदा दगडात पडला. केतकीनं तो उचलून दिला, पण हातातलं काम घेतलं नाही. तेल भरलं, हवा काढली, नट आवळला, दांडी दाबली. दगडासारखी घट्ट. सकाळी पण अशीच लागली होती.

"झालं," मी म्हणालो.

"बस मग."

"कुठं?"

"सायकलीवर. उरलेला घाट तू उतरायचा. मी तुझी मोटरसायकल घेऊन मागं येतो."

"केतू, तुला ठाऊक हाय, मला उतार..."

"ठाऊक आहे. माझं वजन पन्नास, तुझं नव्वद. तुला धरला तर मला धरेल." तिनं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं, पट्टा माझ्या हनुवटीखाली स्वतः आवळला. "मागच्या ब्रेकला हात लावायचा नाही. फक्त पुढचा. तुझ्या हातचा."

त्या सात वळणांचं मी काय सांगू? पाय पेडलवर ठेवला. सायकल आपोआप पळायला लागली, वारा कानात भरला, आणि सहावीतला मोडलेला हात अडतीस वर्षांनी परत दुखायला लागला. पहिलं वळण आलं. मी दांडी नुसती कुरवाळली.

"दाब की!" मागनं केतकी ओरडली. "मी असा दाबतो का? जोरात!"

मी जोरात दाबला. डोळे मिटायची फार इच्छा झाली. नळी आता निसटेल, आता दांडी मोकळी होईल, आता कठडा, आता धुकं. आणि मला कळत होतं की सकाळपासून आत्तापर्यंत प्रत्येक वळणावर ही पोर याच कडीवर, छे, याच्याहून वाईट कडीवर, हसत हसत दाबत आली होती. कारण मामानं बसवलाय.

सायकल थांबली. धरला ब्रेक. कडी धरून होती.

"सोड! पुढचं!"

सातही वळणं तिनं तसंच करायला लावलं. खाली करूळच्या नाक्याशी रस्ता सपाट झाला तेव्हा मी थांबलो, पण माझी मूठ उघडेना. केतकीनं येऊन माझी बोटं एकेक करून दांडीवरनं सोडवली. मग नटाखाली स्वतःचं बोट फिरवलं, उन्हात धरून बघितलं.

"कोरडा आहे," ती म्हणाली. पहिल्यांदाच जरा हसली. "उद्याला चालतंय."

तेवढ्यात रेंज आली आणि माझा फोन वाजला. आक्का.

"महादू, चाचा म्हणत्यात दुकान उघडं टाकून गेलास. काय झालं रं? पोरगी उतरली का नीट?"

"उतरली," मी म्हणालो. केतकीनं फोन हातातनं घेतला.

"आई, काय नाही झालं. मामा ब्रेक बघायला आलता. आधी स्वतः अख्खा घाट उतरला, मग म्हणाला, आता तू चालव."

पलीकडं आक्का इतकी मोठ्यानं बोलली की मला ऐकू आलं. "महादू उतरला? घाट? सायकलवर? अगं मग बिनघोर जा तू. त्याला त्या ब्रेकचा भरवसा असल्याशिवाय तो पायरीवरनं खाली यायचा न्हाई!"

केतकीनं फोन ठेवला. माझ्या पिशवीच्या तळाशी ती चकाकती कडी पडली होती, ती तिनं शोधून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"ही ठेव जपून. हिला मात्र घासत जा."

दुसऱ्या दिवशी केतकीचा अकरावा नंबर आला. आक्काला खरं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली. कडी दुकानात माझ्या कट्ट्यावरच्या खिळ्याला आहे. दर शनिवारी चाचा चहाला यायच्या आधी मी ती घासतो. आणि ब्रेकचं काम झालं की गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी शाळेच्या उतारावर नेतो, सायकलवर बसतो आणि खाली उतरतो. गल्लीतली माणसं हसतात. मी ब्रेक जोरात दाबतो.